चिखलाखालचा नंबर

सीमेच्या नाक्यावर गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा चिखल पुसायचं तिचं काम. त्याशिवाय कॅमेऱ्याला नंबर वाचता येत नसे. नवऱ्याचा ट्रक पलीकडे गेला, त्याला वर्ष उलटलं होतं.

आज भर दुपारी तोच ट्रक तिच्यापुढे येऊन थांबला.

"आलात एकदाचे! मला वाटलं, तिकडे सवत केलीत," म्हणत, डोळे टिपत ती फडकं घेऊन वाकली. रस्ता कोरडा ठणठणीत, चिखल मात्र ओला.

"पुसू नकोस गं," केबिनमधून त्याचा आवाज आला. "चिखल होता म्हणून तर पलीकडच्यांनी मला सोडलं."

तिचा हात थबकला. पुसलेल्या अर्ध्या प्लेटवर नंबर नव्हताच.

घाईघाईने तिने फडक्यावरचा चिखल परत थापला. "आता झालं ना हो?"

तिने वर पाहिलं. केबिन रिकामी होती. इंजिन तेवढं चालू होतं.