डोंगऱ्याची धाप

खोलीत खुर्च्या अकरा होत्या आणि माणसं बारा. म्हणून मोजणीदार पाण्याच्या पिंपाशी उभा राहिला आणि दाराजवळची खुर्ची त्याने आपल्या बाबांना दिली. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर छोटा थर्मास, त्यात कोमट पाणी. एखादं वाक्य बोलून दाखवा असं कुणी म्हणालंच, तर घसा तयार असावा.

"आज सांगतोस ना?" जिना चढताना त्यांनी विचारलं होतं.

"आज सगळ्यांसमोर," तो म्हणाला होता.

हा दातांचा दवाखाना. रविवारी पेशंट नसत, तेव्हा 'डोंगऱ्याचं टपाल' या जुन्या कार्टून मालिकेचे चाहते इथे जमत. सगळे तिशी ओलांडलेले. डोंगऱ्या म्हणजे पत्रं पोचवणारं गाढव. दर भागात ते एक चढ चढायचं. पहिल्या सात भागांत त्याला एक आवाज होता, आठव्यापासून दुसरा. पहिला आवाज बाबांचा. हे खोलीत त्या दोघांनाच माहीत होतं.

भिंतीवर तिसरा भाग सुरू झाला. डोंगऱ्या दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "पत्र... आहे... तुमचं..." सगळे खो खो हसले. बाबाही हसले. त्यांनी थर्मासचं झाकण थोडं सैल करून ठेवलं.

"पत्र पोचेपर्यंत गाढवच जायचं!" बँकवाल्या ताई म्हणाल्या.

"अहो, रस्त्यावरून धरून आणला असणार कुणीतरी दमेकरी," मागून एकजण म्हणाला. "स्वस्तात पडला असेल."

"मग पत्राऐवजी दम्याचा पंप तरी द्यायचा हातात!"

डॉक्टरांनी डोळे पुसत चित्र थांबवलं. "चला, मुद्द्यावर येऊ. कंपनी मालिका पुन्हा आणतेय. पहिले सात भाग आहेत तसे ठेवायचे, की नंतरचा आवाज त्यांच्यावरही चढवायचा, असं विचारलंय आपल्याला. आपण म्हणू ते करणार आहेत. चढवला, तर जुना आवाज गेला. कायमचा. तर मतदानाआधी पुरावा बघून घ्या."

भिंतीवर तक्ता आला. आडवे भाग, उभ्या धापा. पहिल्या भागात बावीस, चौथ्यात एकतीस, आठव्यात रेघ थेट खाली आपटलेली. वर लाल अक्षरांत मथळा होता: 'गाढवाचा ईसीजी'.

"हे आमच्या मोजणीदाराचं काम," डॉक्टर म्हणाले. "दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या पेशी मोजतो आणि घरी जाऊन धापा. या तक्त्यावरच तर आपण त्याला मंडळात घेतला!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

बाबा तक्ता वाचत होते. सावकाश, बोट हवेत धरून, एकेका भागावरून. मग त्यांनी मान वळवली.

"चौथ्यात एकतीस?"

"हो."

"वाक्यंच तेवढी होती," बाबा हळू आवाजात म्हणाले.

ते त्याला ठाऊक होतं. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता. खोटी धाप बाबांना करवत नसे. एकेका वाक्यासाठी ते खाली रस्त्यापर्यंत जायचे, तिन्ही जिने पळत चढायचे आणि तसेच माइकसमोर उभे राहायचे. वाक्य झालं की पुन्हा खाली. सातव्या भागानंतर गुडघा निकामी झाला आणि काम दुसऱ्याकडे गेलं. जेवायला बसलं की बाबा हे सांगायचे. कानाला हेडफोन लावून त्याने धापा मोजल्या, तेव्हा दर धापेला त्याला तो जिना आठवला होता. तरी त्याने मोजल्या, आणि मथळाही त्यानेच सुचवला.

"कुणाला काही बोलायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मोजणीदार पिंपापासून एक पाऊल पुढे आला. "मला एक सांगायचं होतं. त्या आवाजाबद्दल."

"आता काय, शिंकाही मोजल्यास की काय?" बँकवाल्या ताई म्हणाल्या.

पुन्हा हशा. त्यात त्याचंही हसू मिसळलं. बाबा त्याच्याकडेच बघत होते.

"नाही, काही नाही," तो म्हणाला. "राहू दे."

"मग नव्या आवाजाच्या बाजूने हात वर करा."

डॉक्टरांनी आपला हात आधी वर केला. बाकीचेही भराभर वर गेले. त्यांनी बोट नाचवत मोजलं. "दहा. अरे, तक्ता तुझा आणि हात खाली? हे बरंय!"

मोजणीदाराने हात वर केला. जेमतेम कानापर्यंत.

"अकरा. झालं मग."

बाबांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "पाहुण्यांचं मत धरता का हो?"

"धरतो की, काका! तुम्ही तर त्या काळातले. बोला, तुमचं काय म्हणणं?"

उजवा हात बाबांनी पूर्ण वर केला, कोपर सरळ होईपर्यंत.

डॉक्टर कंपनीला निरोप टाइप करता करता मोठ्याने वाचत होते.

"बाजूने बारा. विरोधात शून्य."