रघूचं दुसरं बारसं

भवानीबाई अंगणात मांडी घालून बसल्या होत्या, पण हात काही पुढे करत नव्हत्या.

समोर त्यांचा थोरला मुलगा रघू पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला. मिशा उतरवलेल्या, अंगाला तुपाचा वास. विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला हा सव्वीस वर्षांचा बाप्या आज पुन्हा जन्मणार होता. ज्याची उत्तरक्रिया होऊन गेली तो जिवंत परतला, तर त्याला नव्यानं जन्म घ्यावा लागतो. तोवर घराचा उंबरा त्याला बंद. लढाईच्या धामधुमीत त्याची परतीची बोट जर्मनांनी बुडवली, कोणी वाचलं नाही, असं कळलं होतं. मग घरच्यांनी पळसाच्या पानांचा रघू करून इथल्या कानडी मुलखातल्या टी. नरसीपूरच्या संगमावर जाळला. खरा रघू तेव्हा जर्मनांच्या कैदेत वाळका पाव चावत बसला होता. लढाई संपल्यावर सुटला तो थेट घरी आला.

"मांडीवर घ्या अम्मा, बेगा बेगा," पुरोहित हयग्रीवाचार्य म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

"अगं, सुम्ने, उगाच का रडतेस?" रघूच्या वडिलांची, अंबाजीरावांची, छाती आज अंगरख्यात मावत नव्हती. "थोरला डॉक्टर होऊन आला, धाकटा बॅरिस्टर होऊन येईल. आपल्या वाडवडिलांनी तलवारीवर खाल्लं, आता विलायतेच्या पदवीवर खायचे दिवस आलेत."

धाकटा शंभू मागच्याच महिन्यात बोटीवर चढला होता. दोघा भावांच्या बोटी समुद्रात कुठेतरी एकमेकींच्या शेजारून गेल्या असतील.

रघूनं आपणच वाकून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मी आल्याचा तुला आनंद नाही का झाला, आई?"

"झाला रे. पण तुला बघितलं की शंभूचा घोर लागतो."

भवानीबाईंनी दाराशी जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. जो तो काही ना काही कबूल करून बघत होता. हे म्हणाले, शंभूला कुठं पाठवत नाही, घरातच ठेवतो. तर झाडावर होते ते कावळेही उडून गेले. आचार्य दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा मी म्हटलं, शंभूला पाठवते, समुद्रापार पाठवते. शब्द पुरा व्हायच्या आत एक आला आणि पिंड उचलून गेला. मला वाटलं, तुझं शिकणं वाया जाऊ नये म्हणून तूच मागतोयस. म्हणून हट्टानं धाडलं मी त्याला."

रघू हसला. "कावळ्याला भूक लागली की तो खातो, आई. एवढं तरी शिकून आलोय मी. तिथं गेलं की माणसाचे डोळे उघडतात. शंभूचेही उघडतील."

"उघडू देत बाबा. पण तू तर तेव्हा जिता होतास. मग मी शंभू कबूल केला तो कुणाला?"

रघूचं हसू ओठांवरच राहिलं. तो थोडा उठला आणि पुन्हा मांडीवर आडवा झाला.

आचार्यांनी मधाचं बोट त्याच्या जिभेला लावलं. "नव्या जन्माला नवं नाव हवं. काय ठेवायचं, अम्मा?"

भवानीबाईंनी आता कुठे लेकाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"शंभू."

"अय्यो, ते तर धाकट्याचं नाव," अंबाजीराव म्हणाले.

"असू दे. न्यायला येणाऱ्याला दोन शंभू दिसू देत."