तासावरचं पाणी

"अर्ज तुमचा एकटीचाच हाय, काकी. पाच झाल्याबिगर मोटर चालू करता येत न्हाई," सोनबा म्हणाला.

सरूबाई संस्थेच्या पायरीवर बसली. सोनबा उपसा सिंचन संस्थेचा पाणी सोडणारा. भामा नदीचं पाणी गावच्या रानांत पोचवता पोचवता त्याची अठरा वर्षं गेली होती. आधी पाणीपट्टी एकरावर होती, गेल्या साली ती तासावर झाली. बोअरच्या मोटरीचं बिल मात्र माफ. मग एकेकानं नदी सोडली आणि बोअर घेतला.

सरूबाईकडे नुसती विहीर. चाळीस फुटांची. ती यंदा माघातच कोरडी पडली. कांद्याला अजून दोन वेळचं पाणी हवं होतं.

"थांबा, बाकीच्यांना विचारून येतो," म्हणून सोनबा निघाला.

नदी सोडून बोअर घेतलेला ज्ञानदेव फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत होता. "तासाला पैसे मोजून नदीचं पाणी कोण घेईल, राव? आपला ऑटो स्टार्टर हाय. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. मी शिफ्टला, रान भिजतंय."

दुसरा बोअरवाला समाधान, तोही तेच बोलला. तिसऱ्यानं फोन उचलला नाही.

सोनबा परत आला. सरूबाई म्हणाली, "दुसरा अर्ज तुझाच लिही की."

सोनबानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. दोघांचा बांध एक होता. दिवाळीनंतर त्यानंही साडेचारशे फूट बोअर घेतला होता. मशीनची घरघर तिनं दोन दिवस ऐकली होती.

"माझं घ्या, काकी," तो म्हणाला. "पाइप टाकून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली. सोनबानं बांधावरून पाइप ओढून तिच्या पाटात सोडला. पाणी आलं, पहिल्या वाफ्यात शिरलं.

"याचे किती द्यायचे?"

"याला कुठं पैसे पडत्यात?"

सरूबाई वाकली. तिनं धारेखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कोमट हाय," ती म्हणाली. "लई खालनं काढलंस, सोनबा."