आधी पाय, मग आवाज

“पायांचं राहू द्या हो बाई, आवाजाचं बघा,” तो पुन्हा म्हणाला आणि बाईंचं डोकं सणकलं.

चारचौघांत बोलायचं कसं हे शिकवण्यात बाईंची हयात गेली होती. त्यांच्याकडे भलेभले आधी नुसतं उभं राहायला शिकत. पाय रोवलेले, खांदे सैल, हात मोकळे. मग श्वास. आवाज सगळ्यात शेवटी. हा गृहस्थ मात्र पहिल्या दिवसापासून वाऱ्याच्या घोड्यावर स्वार. आला की खुर्चीच्या टोकावर बसायचा, गळ्याभोवतीचा मफलर सारखा करायचा, फोनवर रेकॉर्डिंग लावायचा आणि म्हणायचा, चला.

मुलीच्या लग्नात त्याला बोलायचं होतं. भाषण स्वतःच लिहिलेलं आणि खरं सांगायचं तर झकास होतं. फक्त त्यात जावयाचं नावच नव्हतं. बाईंनी विचारलं तर म्हणाला, जावईबापू म्हटलं की भागतं. तारीख विचारली तर म्हणाला, ठरेल. तारखेचा पत्ता नाही आणि ही लगीनघाई, म्हणून बाई मनातल्या मनात चडफडल्या.

पण आताशा त्यांनाही चैन पडत नव्हतं. पोटातून आवाज काढायला तो झटकन शिकला, तरी गळा दिवसेंदिवस बसत चालला होता. त्यात परवा त्याने सहज सांगावं तसं सांगितलं, की सोमवारी गळ्याचं ऑपरेशन आहे.

“अहो, मग बरे होऊन या की,” बाई म्हणाल्या. “लग्न काही पळून जात नाही. तेव्हा पायही शिकवते.”

“पायांसाठी नक्की येईन. उभं मलाच राहायचंय,” तो म्हणाला. “आवाजाचं मात्र सोमवारच्या आत उरकायला हवं.”

आज शेवटचा दिवस. बराच वेळ काही केल्या जमेना. त्याला घाम फुटला, बाईही येरझाऱ्या घालू लागल्या. मध्येच कुणीतरी दार ढकलून डोकावलं आणि दार अगदी हळू लागलं. तो हसला आणि त्या हसण्यातच त्याचा आवाज मोकळा झाला.

“माझी लेक रागावली की दार आपटत नाही, हळूच लावते,” तो फोनकडे बघून बोलत होता. “जावईबापू, त्या हळू लागलेल्या दाराला तेवढं जपून असा.”

शेवटच्या वाक्यापर्यंत आवाज कुठेही फाटला नाही. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं, पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं. बाईंना भरून आलं. पायांवरून आपण उगाच त्याला छळलं, असंही वाटलं.

“न्यायला आलीय वाटतं नवरी मुलगी. बघू तरी,” म्हणत त्या हौसेने बाहेर गेल्या.

जिन्याच्या पायरीवर दप्तर पाठीला लावून, पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी गाल फुगवून बसली होती.