पंखावरचे ओघळ

तीन महिने खपून लेकाने शर्यतीच्या गाडीला नवा मागचा पंख बनवला. चाचणीला एकच फेरी मिळाली होती. त्यावर त्याची नोकरी ठरणार, म्हणून आईही हजर. गाडी परतली, तर पंखभर हिरव्या तेलकट रंगाचे ओघळ!

"एवढे शिकले, पण धड रंग देता येईना मेल्यांना," म्हणत तिने बाह्या सरसावल्या आणि साहेब यायच्या आत पंख घासूनपुसून लख्ख केला.

लेक कॅमेरा घेऊन धावत आला आणि लख्ख पंख पाहून ओरडला. "आई, मुद्दाम लावलेल्या ओल्या रंगावर हवेने ओढलेल्या रेघा होत्या गं त्या! हवा कुठून वाहते, ते साहेबांना त्यावरूनच दाखवायचं होतं."

उठता-बसता सुनांना कामचुकार म्हणणाऱ्या आईला पहिल्यांदाच वाटलं, आपणही थोडे कामचुकार असतो तर बरं झालं असतं.