लेकराच्या मापाची गाडी

सुतळीचं एक टोक श्रीमंतआबांनी पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि दुसरं गाडीच्या सीटपर्यंत ताणलं. सुतळीवरची गाठ सीटच्या तीन बोटं खाली राहिली.

“उंच हाय ही,” ते म्हणाले. “दुसरी दाखवा.”

गोरक्षने मानेवरचा घाम पुसला. जामखेडमधल्या त्याच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक टाकी थोपटायचं, आरशात भांग बघायचं, ॲव्हरेज विचारायचं. सुतळी घेऊन आलेलं हे पहिलंच.

“कुनाचं माप म्हनायचं हे, आबा?”

“लेकराचं. पहिलीच गाडी हाय. शिकायची बी हाय अजून. दोन्ही पाय भुईला टेकले पायजेत.”

“मग त्यालाच आनायचं की संगं. बसवूनच बघितलं असतं.”

“त्याला म्हाईत न्हाई. वाळत घातलेल्या कपड्यावरनं घेतलंय माप.”

“चोरून व्हय!” गोरक्ष हसला. “नशीबवान हाय तुमचा नातू.”

आबांनी सुतळी बोटांभोवती गुंडाळली आणि पुढच्या गाडीकडे वळले.

ती लाल होती, टाकी फुगीर, मागचं सीट वर चढलेलं. “ही घ्या,” गोरक्ष म्हणाला. “हिच्यावर बसलं की पोरी वळून बघत्यात.”

“बघू द्या त्यास्नी. मला वजन बघू द्या.”

आबांनी हँडल धरलं, स्टँड काढला आणि गाडी हळूहळू स्वतःच्या मांडीवर कलती केली. मग सरळ करायला गेले. मनगटाच्या शिरा ताठ झाल्या. गोरक्ष धावला.

“ही नको,” आबा दम खात म्हणाले. “आडवी पडली तर एकट्याला उचलता आली पायजे. जवळ कुनी आसंल, नसंल.”

“येवढा घोर तुमालाच का? त्याचा बाप काय करतो?”

गोरक्षने सहज विचारलं होतं.

“माझा एकच मुलगा, अजिनाथ. ऊस तोडायला गेल्ता कारखान्याला. ताप डोक्यात गेला. तिकडनं त्याला टेम्पोत घालूनच आनला.” त्यांनी लाल गाडीचा स्टँड पायाने खाली केला. “तवापासनं घरात आमी दोघंच.”

गोरक्षने आतल्या रांगेतल्या दोन गाड्या बाजूला सारून वाट केली.

दोघंच, पण बोलणं असं फारसं नव्हतंच. एकाने अजिनाथचं नाव काढलं की दुसऱ्याचं ताट तसंच राहायचं, म्हणून दोघांनीही ते काढणं सोडलं होतं. संध्याकाळी आबा उंबऱ्यावर बसायचे. लेकरू चहाचा कप आणून ठेवायचं, मोबाईलमधल्या बातम्या वाचून दाखवायचं. आबांना त्यातलं निम्मं ऐकू यायचं नाही. पण आवाज चालू असायचा.

आता तो आवाज राजूरला जाणार होता, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. “तुम्हाला एकटं टाकून मी जाणार नाही, आबा,” असं लेकराने निक्षून सांगितलं होतं. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा कुठे ते तयार झालं.

आतल्या रांगेत एक काळी, बारक्या इंजिनाची गाडी होती. जुनी, पण राखलेली. आबांनी सुतळी लावली. गाठ नेमकी सीटच्या कडेला टेकली. त्यांनी पुन्हा एकदा लावून बघितली.

“सेल्फ हाय?”

“हाय की. बटन दाबलं की चालू.”

“टाकी भरली तर राजूरवरनं जामखेडला यिल?”

“यिल, आन् परत बी जाईल. पन राजूरला काय? नोकरी लागली व्हय नातवाला?”

“लेकरू तिकडंच ऱ्हायला चाललंय.”

“बरं. पन नवशिक्याला येवढा पल्ला झेपायचा न्हाई हां, आबा.”

“लगीच कुठं? आधी तिथल्या तिथं फिरंल. शिकवनारं मानूस हाय तिकडं.” आबांनी सीटवरची धूळ तळहाताने पुसली. “पर कवा हिकडं यावंसं वाटलं, तर ‘मला सोडा’ म्हनून कुनाची मिनतवारी करायची पाळी नको.”

गोरक्षने पाना उचलला. “आरसे काढून देतो. पोरास्नी नको असत्यात.”

“ऱ्हाऊ द्या. मागचं दिसाय पायजे त्याला.”

शेळ्या विकून आलेले पैसे आबांनी बंडीच्या खिशातून काढले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर पिवळा डाग होता.

“जेजुरीला जाऊन आला का? भंडारा दिसतोय.”

आबांनी डागाकडे पाहिलं. तो पुसला मात्र नाही.

गोरक्षची बायको विजयमाला हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन बाहेर आली. दुकानातून गाडी हलायच्या आधी तिची पूजा व्हायचीच, मग ती जुनी का असेना.

“फोन करून बोलवा की लेकराला,” ती म्हणाली. “ज्याची गाडी त्याच्या हातनं पूजा झाली म्हंजी बरं.”

“त्याला आज घराबाहेर पडता येत न्हाई, बाई. सकाळीच हळद लागलीय.”

“आगं बया! लगीन हाय व्हय? आन् आबा, तुमी इथं सुतळ्या लावत बसलाय!” विजयमालाने हसत गाडीच्या टाकीवर कुंकवाचं बोट टेकवलं. “नवरी कुठली केली नातवाला?”

आबांनी आरसा जरासा खाली वळवला. लेकराची उंची त्यांच्या खांद्याएवढी होती.

“नातू न्हाई मला,” ते म्हणाले. “नवरीच हाय माझं लेकरू. अजिनाथची बायको.”