कापसावरचा सरडा

१९५८ सालच्या माघात तेल्हाऱ्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ललिता आणि म्हातारी केशरबाई कापूस निवडत होत्या. समोरच्या गंजीवर एक सरडा बसला होता. त्याने श्वास सोडला, तशी तोंडातून बोटभर ज्योत निघाली आणि पुढचा कापूस काळा पडला.

ललिता ओरडणार, तोच केशरबाईने तिचा हात दाबला.

"बोलू नोको पोरी. आवाज झाला का तो मोठा दम घेते."

"तुमाले कसं ठाऊक, मावशी?" ललिता कुजबुजली.

केशरबाईने पदर सारून भाजलेला खांदा दाखवला. "अकोल्याले आमी अकरा बाया होतो. मी एकटीच वाचली."

दोघी पाऊल न वाजवता मागे सरकू लागल्या. दार हाताशी आलं, आणि सुटीचा भोंगा वाजला.

सरड्याचा गळा फुगू लागला.